मेलची रांग तुंबली त्या पंधरवड्याच्या नोंदी

कोल्हापूर, शिरोली एमआयडीसी. आमची फाउंड्री, ८६० कामगार, २६० मेलबॉक्स. मेल सर्व्हर कारखान्यातच आहे: डेबियन लिनक्सवर पोस्टफिक्स हा मेल पोचवणारा प्रोग्रॅम, २० एमबीपीएसची लीज लाइन, बाहेरचा मेल थेट समोरच्या सर्व्हरला जातो. नोंदी त्या त्या दिवशी लिहिल्या आहेत. नंतर फक्त शुद्धलेखन पाहिलं.

सोमवार, ७ जुलै २०२५

सकाळी ११:१० ला डिस्पॅचच्या काकांचा फोन. "साहेब, चाकणला गाडी गेटवर उभी हाय. एएसएन मिळाला न्हाई म्हणतात. मी पावणेनऊलाच पाठवलाय, सेंटमध्ये दिसतोय बघा." एएसएन म्हणजे गाडी सुटल्याची आगाऊ सूचना. ती ग्राहकाच्या मेलमध्ये आल्याशिवाय तिथला सिक्युरिटीवाला गाडी आत घेत नाही. रात्रभर पावसात गाडी चालवून गेलेला ड्रायव्हर गेटबाहेर आणि कागद आमच्या सर्व्हरवर, असं चित्र.

काकांना एएसएन व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितला आणि सर्व्हरवर अजून न गेलेल्या मेलची रांग उघडली. ९,१०० च्या वर मेल. एरवी सोमवारी या वेळी ३०-४० असतात.

पहिला मोह असतो तो सगळी रांग एकदम ढकलायचा, पोस्टफिक्सच्या पोस्टक्यू या साधनाची फ्लश आज्ञा द्यायची. ती दिली नाही. पोस्टफिक्सने प्रत्येक अडलेल्या मेलला पुढच्या प्रयत्नाची वेळ ठरवून दिलेली असते. फ्लश केलं की ती मोडते आणि सगळे एकाच वेळी दारात येतात. तुंबलेल्या नळीत वरून आणखी पाणी ओतण्यासारखं ते होतं.

डिस्क पाहिली: ८१ टक्के. शुक्रवारी ६० च्या आत होती. आयनोड्स, म्हणजे डिस्कवर नव्या फाइलींच्या नोंदीसाठीच्या जागा, पुरेसे. मेल तपासणारा व्हायरस स्कॅनर चालू आहे आणि त्याच्यापाशी काही अडलेलं नाही. स्कॅनर आधी बघायची सवय १ जानेवारी २०२२ पासूनची. त्या दिवशी जगभरात लोकांच्या कार्यालयातले मायक्रोसॉफ्टचे एक्स्चेंज मेल सर्व्हर मेल धरून बसले होते. स्कॅनरच्या आवृत्तीचा आकडा तारखेवरून बनायचा, नव्या वर्षात तो २२०१०१०००१ झाला, आणि चिन्हासकट ३२ बिटांच्या खणात मावतात २१४७४८३६४७ पर्यंतचेच आकडे. दुरुस्तीनंतर जी आवृत्ती आली तिचा आकडा होता २११२३३०००१, म्हणजे डिसेंबरची ३३ तारीख. आमच्याकडे एक्स्चेंज नव्हतं, पण रांग तुंबली की दोष रांगेतच असतो असं नाही, हे मी तेव्हापासून धरून आहे.

मग क्यूशेप चालवलं. किती मेल कुठल्या डोमेनसाठी आणि किती वेळ थांबलेत याचा तक्ता ते देतं. ॲक्टिव्ह रांगेत, म्हणजे आत्ता पाठवायच्या, ५,९००, त्यातले साडेपाच हजार जीमेलचे. डिफर्ड रांगेत, म्हणजे अडल्यामुळे पुढच्या प्रयत्नाची वाट बघणाऱ्या, ३,२००, त्यातले २,३०० जीमेलचे, बाकी कधीकाळच्या बंद पडलेल्या डोमेनचे. आणि बहुतेक सगळ्यांचं वय २४ तासांच्या पुढे. म्हणजे हे आजचं नाहीच, काल रविवारी सुरू झालेलं.

एक मेल उघडून पाहिला. विठ्ठलाचं सुंदर मोठं चित्र, वर कंपनीचं नाव, खाली आषाढी एकादशीच्या शुभेच्छा. पाठवणारा पत्ता विक्री विभागाचा, जो सहा जण मिळून वापरतात. आकार ४ एमबी.

विक्रीतल्या ताईंना फोन केला. त्यांनी काही लपवलं नाही. प्रदर्शनांत जमवलेल्या व्हिजिटिंग कार्डांची यादी होती, ११,४०० पत्ते. रविवारी सकाळी साडेसातला मेल मर्जने प्रत्येकाला नावानिशी वेगळा मेल गेला. पोस्टर ३ एमबीचं. मेलमधून जाताना जोडपत्राचं बेस ६४ मध्ये रूपांतर होतं आणि ते एक तृतीयांशाने फुगतं, म्हणून ४. एका मेलला मर्यादा दहा एमबीची, त्यामुळे सर्व्हरने एकालाही हरकत घेतली नाही.

आता हिशेब. ११,४०० गुणिले ४ एमबी, म्हणजे ४५ जीबीच्या वर. २० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला फार तर अडीच एमबी. सगळं पहिल्या फटक्यात गेलं असतं तरी पाच तास लागले असते, आणि काल सुट्टी असल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण जीमेलने पहिले सातशेएक मेल घेतले आणि पुढच्यांना ४२१ ४.७.२८ हे उत्तर द्यायला सुरुवात केली: तुमच्या आयपीवरून नको असलेल्या मेलचं प्रमाण वाढलंय, सध्या थांबा. चारने सुरू होणारं उत्तर म्हणजे तात्पुरता नकार, पाचने सुरू होणारं म्हणजे कायमचा. तात्पुरता नकार आला की पुन्हा प्रयत्न करणं हे आमच्या सर्व्हरचं कर्तव्यच आहे.

खरी मेख पुढे आहे. हा नकार मेलचा मजकूर पूर्ण पाठवून झाल्यावर, डेटा संपल्याच्या खुणेला येत होता. म्हणजे प्रत्येक प्रयत्नात चारही एमबी लाइनवरून जायचे आणि मग "आत्ता नको" ऐकू यायचं. अडलेला मेल जुना झाला की पोस्टफिक्स दर ४,००० सेकंदांनी, म्हणजे ६७ मिनिटांनी, पुन्हा प्रयत्न करतो. उरलेल्या ७,८०० मेलची एक फेरी पुरी व्हायला लाइनला साडेतीन तास हवेत. फेरी संपायच्या आतच पुढच्या फेरीची मंडळी दारात उभी. कालपासून आमची लाइन तीच पोस्टरं नेऊन परत आणत होती.

तरी काकांचा एएसएन का अडावा? तो जीमेलला नव्हता, चाकणच्या ग्राहकाच्या स्वतःच्या सर्व्हरला होता. पोस्टफिक्सची ख्याती अशी की एक ठिकाण अडलं तरी दुसऱ्याची वाट मोकळी राहते. एका ठिकाणी एका वेळी २० जोडण्या ही मूळ मर्यादा आणि मेल पोचवणारे एकूण हात १००, त्यामुळे एकटं जीमेल सगळे हात अडवू शकत नाही. मेन डॉट सीएफ, म्हणजे पोस्टफिक्सच्या सेटिंगची फाइल, उघडली. तीन वर्षांपूर्वी माझ्याआधीच्या माणसाने ती मर्यादा २० ची १०० केलेली, शेजारी टीप: "वेग वाढवण्यासाठी". शंभरच्या शंभर हात जीमेलच्या दारात, प्रत्येकाच्या हातात ४ एमबी, प्रत्येकाला अडीच मिनिटांहून जास्त वेळ. बाकी सगळे त्यांच्या मागे.

११:४२ ला विक्रीच्या पत्त्यावरचे ४० लाख बाइटांहून मोठे मेल पोस्टक्यूच्या जेसन यादीतून गाळून काढले आणि पोस्टसुपर या आज्ञेने होल्डमध्ये, म्हणजे पाठवायचं थांबवून बाजूला, टाकले. ८,८११ मेल. पुसले नाहीत. मेल ज्याचा आहे त्याला विचारल्याशिवाय पुसणं मला पटत नाही.

११:४४ ला काकांचा एएसएन गेला. लॉगमधली ओळ इथे उतरवून ठेवतो: डीले १०४७०, डीलेज ०.३/१०४६६/१.१/२.४. आकडे सेकंदांत. शेवटच्या चार आकड्यांत सगळी कहाणी असते. पहिला, मेल रांगेच्या कारभाऱ्याकडे येईपर्यंतचा वेळ. दुसरा, कारभाऱ्यापाशी ताटकळलेला. तिसरा, डीएनएस (नावावरून आयपी शोधणं) आणि जोडणीचा. चौथा, प्रत्यक्ष पाठवण्याचा. एएसएन जायला साडेतीन सेकंद लागले, त्याआधी तो दोन तास ५४ मिनिटं आमच्याच दारात उभा होता. "इंटरनेट स्लो आहे" असं कुणी म्हणालं तर आधी ही ओळ बघावी. तिसरा आकडा मोठा असेल तर डीएनएस किंवा जोडणीकडे जावं, चौथा मोठा असेल तर लाइनकडे किंवा समोरच्याकडे. दुसरा मोठा असेल तर आपल्याच घरात बघावं.

मर्यादा पुन्हा २० केली, रीलोड. १२:०५ ला ॲक्टिव्ह रांगेत १४ मेल.

दुपारी एचआरच्या मॅडम आल्या. पगार सात तारखेच्या आत द्यावा लागतो. तो बँकेत जमा झालाय, पण पगारपत्रकं आज मेलने जायची होती, बहुतेक सगळी कामगारांच्या जीमेलवर. आज पाठवू नका, अशी विनंती केली. "पाच-सहा जणांना कर्जासाठी लगेच हवंय, त्यांना छापून देते, बाकीचे थांबतील," म्हणाल्या. त्यांचे आभार.

मंगळवार, ८ जुलै

रांग लहान आहे, पण मोकळी नाही. ३४० मेल डिफर्ड, सगळे जीमेलचे, सगळ्यांना कालचंच उत्तर. यात पोस्टर एकही नाही. इचलकरंजी आणि शिरोलीतल्या लहान जॉबवर्कवाल्यांना गेलेल्या ऑर्डरी आहेत. त्यांच्यापैकी कितीतरी जणांचा जीमेल हाच कंपनीचा पत्ता. सातशे लोकांच्या इनबॉक्समध्ये न मागितलेलं पोस्टर पडलं, त्यातल्या काहींनी स्पॅमचं बटण दाबलं असेल, आणि त्याची किंमत हे लोक मोजतायत.

खरेदी विभागाला यादी दिली आणि या सगळ्यांना फोन करून ऑर्डर कळवायला सांगितलं. मेल आपोआप जाईल तेव्हा जाईल.

काळ्या यादीत आहोत का ते पाहिलं. स्पॅम पाठवणाऱ्यांची यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसला विचारल्यावर १२७ ने सुरू होणारं उत्तर आलं आणि पोटात गोळा आला. नीट वाचलं तर ते १२७.२५५.२५५.२५४ होतं. त्याचा अर्थ "तुम्ही यादीत आहात" असा नाही. तुमचा प्रश्न सार्वजनिक डीएनएसमार्गे आला, आम्ही त्याचं उत्तर देत नाही, असा आहे. सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस सर्व्हर, अनबाउंड, बसवला, पुन्हा विचारलं, यादीत नाही. पण यामुळे आणखी एक गोष्ट उघड झाली: येणाऱ्या मेलसाठी आम्ही लावलेली स्पॅमहाउसची गाळणी कित्येक महिने काहीच गाळत नव्हती.

उलटा डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंद, पाहिला. मार्चमध्ये लाइन बदलली, नवा आयपी आला, आणि त्याचं पीटीआर अजून सेवा देणाऱ्या कंपनीच्या साच्यातलं आहे, आकड्यांचं लांबलचक नाव. आमच्या मेल सर्व्हरचं नाव तिथे हवं, आणि त्या नावावरून उलट पुन्हा हाच आयपी मिळायला हवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल हे प्रत्येक पाठवणाऱ्याकडून मागतं. आम्ही मार्चपासून लंगड्या पायावर चालत होतो, रविवारी त्याच पायावर ओझं टाकलं. लाइनच्या कंपनीकडे अर्ज केला.

बुधवार, ९ जुलै

एसपीएफमध्ये, म्हणजे आमच्या नावाने मेल कुठल्या आयपीवरून जाऊ शकतो ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदीत, जुना आयपी अजून आहे आणि नवा 'एमएक्स'च्या, म्हणजे आमचा मेल घेणाऱ्या सर्व्हरच्या नोंदीच्या, आडून मोजला जातोय. जुना काढला, नवा स्पष्ट लिहिला. पीटीआरचं उत्तर नाही. दोनदा फोन केला.

संध्याकाळी ६ वाजता होल्डमधल्या ८,८११ मेलचं काय करायचं ते ठरवायला बसलो. ताई आणि विक्रीचे साहेब दोघेही पुसा म्हणाले. एकादशी होऊन तीन दिवस झाले. पुसण्याआधी प्रत्येकाचा विषय बघावा म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली. सोमवारी विषयावरून गाळलं नव्हतं, त्याला कारण होतं. देवनागरी विषय मेलच्या शीर्षात देवनागरीत नसतो, यूटीएफ-८ चं बेस ६४ असतो, इंग्रजी अक्षरांचा नुसता गुंता. 'आषाढी' शोधून तो सापडत नाही, आधी उलगडावा लागतो. घाईत मी तेवढा वेळ दिला नाही आणि आकारावरून गाळलं.

८,८०० शुभेच्छा निघाल्या. ११ शुभेच्छा नव्हत्या. सोमवारी सकाळी विक्रीने पाठवलेली कोटेशनं होती ती, सोबत कास्टिंगची ड्रॉइंग, म्हणून ४ एमबीच्या वर. पत्ता तोच, आकार तोच, माझ्या गाळणीला फरक कळला नाही. पोस्टरांबरोबर मीच ती सव्वादोन दिवस बांधून ठेवली.

पाठवणाऱ्याला याची काहीच खबर नव्हती. सेंटमध्ये मेल दिसत होता. होल्डमधल्या मेलचा प्रयत्न होत नाही, त्याला मुदत लागत नाही, तो बाउन्स होऊन परतही येत नाही. तो गप्प पडून राहतो.

अकराही लगेच सोडली, मिनिटभरात गेली. मग विक्रीच्या साहेबांकडे जाऊन समोरासमोर सांगितलं. त्यांनी यादी पाहिली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. भोसरीच्या ग्राहकाची चौकशी, मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. चौकशी बंद झाली होती, ऑर्डर दुसरीकडे गेली होती. साहेब मला ओरडले नाहीत. "पुढच्या वेळेला मला तासाभरात कळलं पाहिजे," एवढंच म्हणाले.

घरी जाताना पंचगंगेच्या पुलावर वाहतूक थांबली होती, पाणी चढलेलं बघायला माणसं उभी होती. तिथे एक गोष्ट मला लख्ख दिसली. सोमवारपासून मी एकाच प्रश्नावर काम करतोय: मेल लवकर कसा जाईल. काकांना आणि साहेबांना हवंय ते वेगळंच: मेल गेला नाही, हे वेळेत कळणं. ते कळलं की माणूस फोन करतो, व्हॉट्सॲप करतो, मोटरसायकल काढून कागद पोचवतो. न कळल्यावर तो सेंटवर विश्वास ठेवून बसतो. आणि सेंटचा अर्थ फक्त एवढाच आहे की मेल आमच्या सर्व्हरने घेतला.

गुरुवार, १० जुलै

गुरुपौर्णिमा. सकाळी नऊच्या आधी ताईंचाच फोन आला, आजचंही पोस्टर तयार आहे पण पाठवलेलं नाही, काय करू. त्यांनी विचारलं याचं मला फार बरं वाटलं. अर्धा तास बसलो. त्यांना वाटत होतं की मेल फुकट असतो, एक काय आणि अकरा हजार काय. लाइनचा हिशेब कागदावर मांडून दाखवला तसं त्या स्वतःच म्हणाल्या, पोस्टर वेबसाइटवर ठेवू आणि मेलमध्ये फक्त दुवा देऊ.

यादीबद्दलही बोललो. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची सर्व्हरची डिजिटल सही), डीमार्क (हे दोन्ही जुळले नाहीत तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही लागतात, एका टिचकीत नाव काढायची सोय लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. हजारात तीन. प्रदर्शनात कार्ड देणाऱ्या माणसाने शुभेच्छा मागितलेल्या नसतात. यादी गाळून ज्यांच्याशी गेल्या दोन वर्षांत व्यवहार झाला तेवढेच पत्ते ठेवायचे ठरलं. ९०० च्या आसपास उरतील.

डीकेआयएमची सही आमच्याकडे नव्हतीच. आज लावली. २०४८ बिटांची किल्ली घेतली. पहिल्या फटक्यात तपासणी नापास. डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीतला एक तुकडा २५५ अक्षरांपेक्षा लांब असू शकत नाही, आणि या किल्लीचा मजकूर होतो ३९२ अक्षरांचा. डोमेनच्या पॅनेलने तो न सांगता कापला होता. दोन तुकडे करून, दोन वेगळ्या अवतरणचिन्हांत टाकला. पास.

संध्याकाळी पीटीआर बदललं.

शुक्रवार, ११ जुलै

जीएसटीआर-१ चा, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणाचा, शेवटचा दिवस, अकाउंट्समध्ये दिवसभर धावपळ, मेलला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. फक्त बघत होतो. जीमेलच्या डिफर्डमधले २६० सकाळी होते, दुपारी ९०, सहा वाजता ७. एसपीएफने फरक पडला की पीटीआरने, डीकेआयएमने की नुसत्या चार दिवसांच्या शांततेने, हे वेगळं काढता येणार नाही. चारही हवेच होते.

शुभेच्छांचे ८,८०० मेल पुसले. डिस्क ५८ टक्के.

शनिवार, १२ जुलै

पगारपत्रकं गेली. त्यासाठी पोस्टफिक्सच्या दुसऱ्या सेटिंग फाइलमध्ये, मास्टर डॉट सीएफमध्ये, एसएमटीपीची (मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे नेण्याच्या पद्धतीची) दुसरी वाट काढली. तिचं नाव 'निवांत' ठेवलं. एचआरच्या पगारपत्रकाच्या पत्त्यावरून आणि विक्रीच्या नव्या 'शुभेच्छा' पत्त्यावरून जे काही निघेल ते याच वाटेने जाईल, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून वाट ठरवणारा तक्ता त्यासाठी आहे. निवांत वाटेला हात फक्त ३, आणि एकाच डोमेनच्या दोन मेलमध्ये १० सेकंदांचं अंतर.

या अंतराने एक तास खाल्ला. मी ते मास्टर डॉट सीएफमध्ये निवांतच्या ओळीखाली लिहिलं होतं आणि त्याचा काहीच परिणाम दिसेना. मेल पोचवणारा हात हे अंतर पाळत नाही, रांगेचा कारभारी पाळतो, आणि कारभारी वाचतो मेन डॉट सीएफ. तिथे 'निवांत' नावाच्या उपसर्गाने लिहिल्यावर चाललं. कुणाला हेच करायचं असेल तर त्याचा तास वाचावा म्हणून लिहून ठेवतोय.

८६० पत्रकं, दर १० सेकंदांना एक, हिशेबाने दोन तास २३ मिनिटं. प्रत्यक्षात अडीच तास लागले. जीमेलने एकही परत लावलं नाही. मॅडमना सांगितलं, पुढच्या महिन्यापासून सकाळी दहाला बटण दाबा, जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना मिळालेली असतील.

सोमवार, १४ जुलै

साहेबांच्या तासाभराचं काम. पोस्टफिक्समध्ये उशीर झाल्याची सूचना देण्याची सोय आहे, डीले वॉर्निंग टाइम. तिचं मूळ मूल्य शून्य, म्हणजे बंद. आणि मेल रांगेत ठेवायची मूळ मुदत पाच दिवस. एसएमटीपीचं मानकच सांगतं की हार मानण्याआधी चार-पाच दिवस प्रयत्न करावा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा व्यवहार पहिल्यांदा लिहिला गेला तेव्हा समोरचं यंत्र दोन दिवस बंद असणं ही नेहमीची गोष्ट होती आणि तेवढा धीर योग्यच होता. आजही तो धीर मला हवाय, पाच दिवस मी कमी करणार नाही. कुणाचा सर्व्हर शनिवार-रविवार बंद असेल तर सोमवारी मेल पोचलाच पाहिजे. पण पाच दिवस गप्प राहणं नको. मूळ मूल्यं तशीच ठेवली तर गाडी गेटवर उभी असलेल्या माणसाला आमचा सर्व्हर शनिवारी सांगणार की सोमवारचा मेल गेला नाही.

सूचनेची वेळ एक तास ठेवली. तात्पुरत्या नकाराला साहेब घाबरतील, पुन्हा पुन्हा फोन येतील, अशी शंका सहकाऱ्याने काढली. येऊ देत.

सूचनेचा मजकूर इंग्रजीत असतो आणि वर लांबलचक तांत्रिक तपशील. आमचे काका तो उघडून बंद करतील. साचा बदलता येतो. विषयाची ओळ इंग्रजीच ठेवली, आतला मजकूर मराठीत लिहिला. तीनदा खोडला. शेवटी असा ठेवला:

"तुमचा खालील मेल एक तास झाला तरी पोचलेला नाही. आम्ही प्रयत्न करत आहोत, तुम्ही पुन्हा पाठवू नका. काम तातडीचं असेल तर समोरच्याला आत्ताच फोन करा."

"पुन्हा पाठवू नका" हे मुद्दाम. अडलेला मेल माणूस चार वेळा पाठवतो आणि रांगेत आणखी तीन वाढतात.

होल्डसाठी ही सूचना चालत नाही, तिथे प्रयत्नच होत नसतो. म्हणून वेगळी स्क्रिप्ट: होल्डमध्ये एकही मेल असेल तर दर तासाला मला आणि साहेबांना यादी, विषय उलगडून. आणि ॲक्टिव्ह रांगेतल्या सर्वांत जुन्या मेलचं वय १५ मिनिटांपलीकडे गेलं तर माझ्या मोबाइलवर एसएमएस. मेलने नाही, कारण मेलच अडलेला असेल. आधी आमची देखरेख फक्त सर्व्हर चालू आहे का आणि डिस्क भरली का एवढंच बघायची. रविवारी दोन्हीला सगळं ठीक दिसत होतं.

बुधवार, १६ जुलै

चाचणी. कुठेही मशिन नसलेल्या आयपीकडे बोट दाखवणारं आमचंच एक उपडोमेन बनवलं आणि त्यावर मेल पाठवला. ६१ मिनिटांनी मराठी सूचना आली. एका जुन्या मेल प्रोग्रॅममध्ये अक्षरांच्या जागी चौकोन दिसले. साच्यात अक्षरसंच यूटीएफ-८ आहे हे लिहायचं राहिलं होतं. लिहिलं, दिसलं.

एक मेल मुद्दाम होल्डमध्ये टाकला. तासाने यादी आली, विषय देवनागरीत. साहेबांना कल्पना दिली नव्हती. तीन मिनिटांत त्यांचा फोन आला.

सोमवार, २१ जुलै

दुपारी ३:२० ला काका स्वतः वर आले. हातात कागद, त्यावर सूचनेचा मजकूर छापलेला. होसूरच्या ग्राहकाला दोन वाजता पाठवलेला एएसएन अडलाय. लॉग पाहिला. आमच्याकडे दुसरा आकडा शून्यावर, जोडणीच होत नाही, समोरचा सर्व्हर बंद आहे. आमच्या हातात काही नाही, असं त्यांना सांगायला तोंड उघडलं.

"ते ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "मी तिथल्या स्टोअरवाल्याला फोन लावला. त्यांचं सगळंच बंद हाय, गाडी वहीत लिहून आत घेतो म्हणला. मी फक्त इचारायला आलो, आता ह्ये परत पाठवायचं न्हाई न्हवं?"

नाही, म्हटलं. ५:०५ ला समोरचा सर्व्हर उठला, मेल गेला. डीलेजमधला दुसरा आकडा ०.०, तिसरा ०.९, चौथा १.६.